वांगणीचा वाचक आणि विद्यापीठाचे ग्रंथालय

घरात पैशाची ओढ लागली म्हणजे शहाणा गृहस्थ प्रथम चैनीला कात्री लावतो, मग कपड्यालत्त्याला, आणि अगदी नाइलाज झाला तरच मुलांच्या दुधाला. आपल्या सार्वजनिक संस्थांचा क्रम मात्र पुष्कळदा उलटा असतो. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात तूट आली की समारंभ, कमानी आणि कोनशिला यांना हात लागण्यापूर्वीच ग्रंथालयाच्या रकमेवर बोट ठेवले जाते. याचे कारण उघड आहे. पगार थांबला तर नोकर ओरडतो, परीक्षा थांबली तर पालक ओरडतो. विकत न घेतलेले पुस्तक मात्र ओरडत नाही. ज्या वाचकाच्या हाती ते पडावयाचे होते त्याला तर ते आले नाही हेही कळत नाही.

ही कपात कशी चालते, तिने कोणाचे नुकसान होते आणि तुम्हाआम्हांला ती थांबविता येईल काय, एवढ्याच गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे. असे विषय हवेत राहू नयेत म्हणून मोजपट्टीदाखल आम्ही एक गाव घेतले आहे. ते गाव म्हणजे वांगणी.

वांगणी म्हटले की मुंबईकराला कर्जतच्या वाटेवरचे स्टेशन आठवते. आम्ही म्हणतो ते गाव निराळे. ते पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात आहे, आणि शेजारच्या वावर गावाशी जोडून ‘वावर-वांगणी’ असे त्याचे नाव घेतले जाते. हा मुलूख वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी व कोळी लोकांचा. पूर्वी येथे मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान होते. ते १९४८ साली विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात गेला. नाचणी-वरईची शेती, उताराची जमीन, आणि दिवाळीनंतर पोटासाठी वीटभट्ट्यांकडे जाणारी कुटुंबे असे येथील जीवन आहे. जव्हारला रेल्वे नाही.

या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले ते १९९२ साली, आणि तेही फार दुःखद कारणाने. कुपोषणाने येथे बालके दगावली. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, मंत्री व अधिकारी येऊन गेले, विधिमंडळात प्रश्न निघाले, अहवाल लिहिले गेले. आता असा विचार करा. त्या वर्षी जे मूल जगले ते आज तिशी ओलांडून गेले आहे. त्याचा भाचा किंवा पुतण्या महाविद्यालयात जातो. आपल्या गावात त्या वर्षी काय घडले, का घडले, कोणी काय लिहिले, सरकारने काय कबूल केले आणि काय नाकारले, हे त्याला वाचावेसे वाटले तर त्याने कोठे जावे? गावातल्या वृद्धांच्या आठवणी आहेत. परंतु आकडे, अहवाल आणि त्या दिवसांची वर्तमानपत्रे त्याला एखाद्या मोठ्या ग्रंथालयातच मिळावयाची.

एकट्या १९९२ सालची ही गोष्ट नव्हे. या मुलखासंबंधी जे जे लिहिले गेले ते सारे या मुलखाबाहेर आहे. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जव्हार संस्थानाची हकीकत आहे. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४५ सालचा. वारल्यांच्या उठावाची कथा सांगणारे गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली आले. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला, आणि सरकारी दप्तरात नोंदले जातात त्याहून पुष्कळ अधिक बालमृत्यू प्रत्यक्षात होतात हे गावोगाव मोजून दाखविले. अशा अहवालांच्या प्रती बाजारात मिळत नाहीत. त्यांची छपाई थोडी असते, आणि दहा वर्षांनी त्या जपून ठेवलेल्या आढळतात त्या ग्रंथालयाच्या कपाटातच. तेथूनही त्या गेल्या, तर वांगणीच्या माणसाला आपल्याच गावाचा इतिहास ऐकीव गोष्टींवर सोडून द्यावा लागेल.

वांगणीचा विद्यापीठाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचे आणि मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे, आणि दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्या विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्याला ग्रंथालय मिळाले ते एका व्यापाऱ्याच्या औदार्याने. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. त्यांच्या मातोश्रींचे नाव लाभलेला राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. येणारेजाणारे त्या मनोऱ्यावरचे घड्याळ पाहतात. त्याच्या पायथ्याशी ग्रंथालय आहे हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. पुढे कालिन्याच्या विद्यानगरीत जवाहरलाल नेहरू ग्रंथालय उभे राहिले. जव्हारच्या विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर ज्या विद्यापीठाचा शिक्का बसतो, त्याच विद्यापीठाचे हे ग्रंथधन. त्यावर फोर्टातल्या विद्यार्थ्याचा जेवढा हक्क, तेवढाच वांगणीच्या विद्यार्थ्याचा आहे.

किंबहुना त्याची गरज अधिक आहे. ज्याच्या घरी पुस्तकांची दोन कपाटे आहेत, ज्याचा बाप पुस्तक विकत घेऊ शकतो आणि ज्याच्या गावात दोन-तीन जुनी वाचनालये आहेत, त्याचे विद्यापीठाचे ग्रंथालय बंद झाले तरी अडेल, पण तो बुडणार नाही. ठाण्याला १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, मुंबईला १८९८ पासून. पुणे, नाशिक व रत्नागिरी येथील वाचनालये तर त्याहूनही जुनी. वांगणीच्या विद्यार्थ्यामागे असा पिढ्यांचा ठेवा नाही. त्याचे घरचे कपाट, गावचे वाचनालय आणि पुस्तकाचे दुकान ही तिन्ही मिळून एकच, ती म्हणजे महाविद्यालयाचे व विद्यापीठाचे ग्रंथालय. कपातीचा आकडा सर्वांना सारखा दिसतो, पण तिचा घाव सारखा बसत नाही.

आता ही कपात होते कशी ते पाहू. आम्ही येथे कोणा एका विद्यापीठावर आरोपपत्र ठेवीत नाही. सर्वत्र आढळणारी रीत सांगतो. ग्रंथालय एका दिवसात बंद होत नाही. दाराला कुलूप लागते ते सर्वांत शेवटी.

पहिली पायरी नियतकालिकांची. संशोधनाच्या परदेशी मासिकांची वर्गणी डॉलर-पौंडांत भरावी लागते, आणि ती दरवर्षी वाढते. अंदाजपत्रकातली रक्कम गेल्या वर्षीएवढीच ठेवली तर कागदावर कपात दिसत नाही. पण रुपयाची किंमत उतरली आणि वर्गणी चढली म्हणजे त्याच पैशात मासिके कमी येतात. मासिकाच्या अंकांची साखळी एकदा तुटली की ती जोडणे फार महाग पडते, आणि मधल्या दोन वर्षांचे अंक नसलेला संच संशोधकाला दात पडलेल्या फणीसारखा होतो.

दुसरी पायरी माणसांची. ग्रंथपाल निवृत्त होतो, आणि त्याची जागा भरली जात नाही. तालिका करणारा जातो, आणि आलेली पुस्तके नोंदीविना गठ्ठ्यांत पडून राहतात. नोंद नसलेले पुस्तक वाचकाच्या दृष्टीने हरवल्यासारखेच असते. बांधणी करणारा नसला म्हणजे पाने सुटतात, झाडझटक करणारा नसला म्हणजे वाळवी लागते.

तिसरी पायरी वेळेची. माणसे कमी, म्हणून वाचनकक्ष रात्री आठाऐवजी संध्याकाळी पाचाला बंद. मग रविवारी बंद. मग सुट्टीत बंद. दिवसा नोकरी करून शिकणारा आणि एका खोलीत चौघे राहून अभ्यासाला जागा शोधणारा, हे दोघे येथे गळतात.

चौथी पायरी ‘विलीनीकरणा’ची. एखाद्या विभागाचे लहान ग्रंथालय मोठ्यात मिळविले जाते. ग्रंथ जात कोठेच नाहीत, असे सांगण्यात येते. पण ते खोक्यांत जातात, खोकी तळघरात जातात, आणि ज्या जाणत्या माणसाला अमुक अहवाल तमुक फळीवर आहे हे ठाऊक होते त्याची बदली होते.

एवढे झाल्यावर वाचकसंख्या मोजतात. ती अर्थातच घटलेली असते. मग निष्कर्ष निघतो की लोक आता वाचीत नाहीत, तेव्हा खर्च आणखी कमी करण्यास हरकत नाही. विहिरीतला गाळ काढावयाचा नाही, पोहरा काढून घ्यावयाचा, आणि गावाला तहानच नाही असे म्हणावयाचे, त्यातला हा प्रकार झाला.

या रीतीच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद नेहमी केले जातात. त्यांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे.

पहिला युक्तिवाद असा की, आता सर्व काही संगणकावर मिळते, मग इमारत आणि कपाटे हवीत कशाला? यात तथ्य आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगे’त भारतीय विद्यापीठांचे प्रबंध कोणालाही वाचता येतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये खर्चून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली करण्याची ही योजना आहे. तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण तिच्यात येतात ती मुख्यतः परदेशी प्रकाशकांची संशोधन-नियतकालिके. वावर-वांगणीच्या बातम्यांची कात्रणे, जिल्हा परिषदेचे जुने अहवाल आणि मराठीतली दुर्मिळ पुस्तके त्यांत कोठून येणार? शिवाय छापील अंकाची वर्गणी थांबली तरी आलेला अंक कपाटात राहतो. संगणकावरच्या मासिकाची किल्ली प्रकाशकाकडे असते, आणि वर्गणी थांबली की दार बंद होऊ शकते. आणि जेथे मोबाईलला धड रेंज मिळण्याची खात्री नाही अशा पाड्यावरच्या विद्यार्थ्याला, १३,००० इंग्रजी मासिकांच्या समुद्रात आपल्या उपयोगाचा लेख शोधून देण्यास कोणी तरी जाणता माणूस हवाच. त्या माणसाचे नाव ग्रंथपाल. संगणक आला म्हणून त्याची गरज कमी होत नाही, उलट वाढते.

दुसरा युक्तिवाद पैसा नसल्याचा. हा अधिक प्रभावी, कारण तो ऐकला की सज्जन माणूस गप्प बसतो. पण पैसा किती लागतो ते तरी पाहू. स्वातंत्र्यानंतर नेमलेल्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठाच्या खर्चातील सहा टक्क्यांहून अधिक हिस्सा ग्रंथालयासाठी असावा असे सुचविले होते. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने तो साडेसहा ते दहा टक्के असावा असे म्हटले. म्हणजे रुपयातले साडेसहा ते दहा पैसे. याहून अधिक कोणी मागत नाही. ज्या संस्थेचा धंदाच ज्ञानाचा, तिने ज्ञानाच्या कोठारावर रुपयातले दहा पैसेही खर्चू नयेत, हे शेतकऱ्याने बियाणे विकून बैलाला झूल घेण्यासारखे आहे.

अनुदान गोठले म्हणजे काय होते याचा धडा महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांच्या बाबतीत घेतलेला आहे. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला, आणि महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ साली झाला. इतका जुना वारसा असूनही २०१२ नंतर ग्रंथालयांचे अनुदान दहा वर्षे त्याच आकड्यावर राहिले. ‘ड’ वर्गातील गावच्या ग्रंथालयाला वर्षाला ३०,००० रुपये, म्हणजे महिन्याला अडीच हजार. त्यातच पुस्तके, त्यातच वर्तमानपत्रे, दिवाबत्ती आणि ग्रंथपालाचे वेतन. त्यानंतर ६० टक्के वाढ मंजूर झाली, आणि वर्षाचे ४८,००० झाले. दहा वर्षांच्या उपासानंतर मिळालेल्या या घासालाही ग्रंथालय-कार्यकर्त्यांना निवेदने, धरणी आणि मोर्चे यांनी दार ठोठवावे लागले. विद्यापीठांची ग्रंथालये त्याच वाटेने जाऊ नयेत असे वाटत असेल तर ओरड आधी व्हावयास हवी.

थोड्या पैशांत दूरच्या वाचकापर्यंत पोहोचता येते हेही आपल्याच लोकांनी दाखवून दिले आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डेन नावाचा तज्ज्ञ आणून संस्थानात मोफत ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. जेथे ग्रंथालय काढणे शक्य नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जात, आणि पेटीच्या वाहतुकीचा खर्च सरकार सोसत असे. वाचकाने शहरात यावे अशी वाट न पाहता पुस्तकच गावाकडे निघत असे. तेव्हा बैलगाडीच्या दिवसांत जे जमले ते आता मोटारीच्या दिवसांत कालिन्याहून जव्हार-मोखाड्यापर्यंत का जमू नये?

याच सयाजीरावांच्या नावाचे ग्रंथालय काशीच्या हिंदू विद्यापीठात आहे, आणि तेथील एक अलीकडची घटना सांगण्यासारखी आहे. २०१६ साली तेथे संगणकीय वाचनकक्षाची रात्रभर उघडे राहण्याची सोय बंद झाली, तेव्हा ती पूर्ववत व्हावी म्हणून विद्यार्थी उपोषणाला बसले. त्यांपैकी काहींना निलंबित करण्यात आले. अभ्यासाला जागा मागितली म्हणून विद्यार्थ्याला शिक्षा व्हावी, यावर वेगळी टीका करण्याची गरज नाही. रात्री दिव्याखाली बसण्याची जागा हा गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने केवढा मोठा प्रश्न असतो, हे मात्र त्यावरून दिसते.

श्रीमंत देशांतही हीच झुंज चालू आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बर्कली येथील सार्वजनिक विद्यापीठाने २०२३ साली पैशाच्या अडचणीमुळे मानववंशशास्त्राचे ग्रंथालय बंद करण्याचे ठरविले. जगातल्या निरनिराळ्या जमातींच्या चालीरीती, भाषा व इतिहास यांची पुस्तके तेथे होती. विद्यार्थ्यांनी एप्रिल महिन्यात ग्रंथालयातच मुक्काम ठोकला. दिवसा अभ्यास, रात्री तेथेच निद्रा, असे जवळजवळ तीन महिने चालले. अखेर जुलैत तडजोड होऊन ती जागा वाचनकक्ष म्हणून राखण्याचे ठरले. संपूर्ण विजय झाला नाही. पण दार उघडे राहिले. ज्या जमातींबद्दल पुस्तके लिहिली जातात त्यांचीच मुले आज विद्यापीठात येऊ लागली आहेत, आणि नेमक्या त्याच वेळी ती पुस्तके खोक्यांत भरली जात आहेत. बर्कलीतली ही गोष्ट वांगणीशी किती जवळची आहे!

आपण नगरवासीयांनी काय करावे? उपोषणाला बसलेच पाहिजे असे नाही. कायद्याने आपल्या हाती काही साधने दिली आहेत, आणि ती फारशी कोणी वापरीत नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाप्रमाणे विद्यापीठाचे अंदाजपत्रक अधिसभेपुढे येते व तेथे त्यावर चर्चा होते. या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधी असतात. मुंबई विद्यापीठात ही निवडणूक सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. आपल्यापैकी जे पदवीधर आहेत त्यांनी आपले नाव नोंदविले आहे काय? नसल्यास ते नोंदवावे, आणि मत मागावयास येणाऱ्या उमेदवाराला चार प्रश्न विचारावे. ग्रंथालयासाठी एकूण खर्चाच्या किती टक्के रक्कम ठेवली आणि त्यातली किती प्रत्यक्ष खर्च झाली? ग्रंथालयातली किती पदे रिकामी आहेत? वाचनकक्ष रोज किती तास उघडा असतो? आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यांपर्यंत पुस्तके पोहोचविण्याची काय तजवीज आहे? उमेदवाराला उत्तरे देता आली नाहीत तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या शुल्कात हीच माहिती विद्यापीठाकडून मागता येते.

यातल्या पहिल्या प्रश्नाचा दुसरा भाग, रक्कम प्रत्यक्ष खर्च झाली की नाही हा, विशेष महत्त्वाचा आहे. तरतूद करावयाची आणि वर्षअखेर ती खर्ची पडू द्यावयाची नाही, ही कपातीची सर्वांत सभ्य तऱ्हा आहे. तरतुदीच्या आकड्याला टाळ्या मिळतात; खर्चाचा आकडा पाहण्यास कोणी थांबत नाही.

आपल्या घरातल्या जुन्या पुस्तकांचे व कागदांचेही आपल्यावर ऋण आहे. जिल्ह्याचा जुना अहवाल, स्थानिक वर्तमानपत्रांचे अंक, एखाद्या शिक्षकाने आदिवासी पाड्यावर लिहून ठेवलेल्या टिपणांच्या वह्या, असे जे काही असेल ते रद्दीत न घालता जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावे, आणि त्याची दाखल नोंदवहीत नोंद झाली आहे ना, हे पाहून यावे.

दरवर्षी मार्च महिन्यात, व्याख्यानमालेच्या या दिवसांच्या थोडे आधी, विद्यापीठांची अंदाजपत्रके मांडली जातात. त्या जाडजूड बाडात ग्रंथालयाची ओळ एकच असते. कोणाला शिकू द्यावयाचे आणि कोणाची कहाणी जपून ठेवावयाची, हे पुष्कळ अंशी त्या ओळीत ठरते. ती ओळ नेमाने शोधून वाचणारे आणि वाचून प्रश्न विचारणारे पाचपन्नास पदवीधर प्रत्येक शहरात निघाले, तर ग्रंथालयावर बोट ठेवणाऱ्याला ते ठेवण्यापूर्वी थोडा विचार करावा लागेल.